रविवारचा ताळेबंद
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सोसायटीत मी अकरा वर्षं खजिनदार होतो. त्यामुळे माझ्या हातात माईक आला की लोक जरा सावरून बसतात. वाटतं, आता हा मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची नावं वाचणार. घाबरू नका. आज थकबाकी वाचणार आहे खरी, पण ती माझ्या स्वतःच्या घरातली आहे.

चेअरमनसाहेबांनी मला विषय दिला तो असा : मुलांना स्पर्धांसाठी गावोगाव घेऊन फिरायचं, हे घराला परवडतं का? हा विषय मलाच का दिला, तेही सांगतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्याच सोसायटीतल्या तीन घरांनी मला जिन्यात गाठून हाच प्रश्न विचारला. एकाची मुलगी पोहते, एकाचा मुलगा स्केटिंग करतो आणि तिसऱ्याचा अर्थातच क्रिकेट. तिघांनाही प्रशिक्षकांनी सांगितलंय, "पोरात गुण आहेत, पण इथं राहून काही होणार नाही. पुण्याला आणा." आणि तिघांनाही माहीत आहे, की आमच्या पांढऱ्या वॅगन-आरने हा रस्ता सहा वर्षं तुडवलाय.

जिन्यात मी तिघांनाही "बघू, बोलू निवांत" म्हणून वेळ मारून नेली. आज निवांत बोलतो.

माझा थोरला २०१२ साली अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून २०१८ पर्यंत, म्हणजे तो सतरा वर्षांचा होईपर्यंत, आम्ही दर रविवारी त्याला क्रिकेटसाठी पुण्याला नेलं. परीक्षा, सणवार, पाऊस वगळता वर्षाला चाळीस रविवार धरा. सहा वर्षांचे झाले दोनशे चाळीस. खजिनदाराची सवय, त्यामुळे मी वही ठेवली होती. ती काल पुन्हा काढली. प्रवास आणि बाहेरचं खाणं, तीन लाख बारा हजार. प्रशिक्षणाची फी, एक लाख चव्वेचाळीस हजार. बॅट, पॅड, हेल्मेट, बूट, दरवर्षी आखूड होणारे पांढरे कपडे, अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे. उन्हाळी शिबिरं आणि परगावच्या स्पर्धा, एकसष्ट हजार. एकूण पाच लाख पंचाण्णव हजार पाचशे.

बारामती ते पुणे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. दोनशे चाळीस रविवारांचे अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर झाले. पृथ्वीला एक पूर्ण फेरी होऊन वर आठ हजार उरतात. एवढं फिरून आम्ही पोचलो कुठं? तर परत बारामतीलाच.

आता पैशाबद्दल माझी तक्रार नाही. माणूस लग्नात एका दिवसात याच्यापेक्षा जास्त उडवतो आणि वर्षभर हप्ते भरतो. हे पैसे निदान पोराच्या अंगी लागले. तक्रार आहे ती वहीत ज्याला रकानाच नव्हता त्याची.

रविवार कसा जायचा, सांगतो. पहाटे साडेचारला गजर. ही त्याच्याही आधी उठून डबे करायची, कारण पोराला बाहेरचं तेलकट चालायचं नाही आणि मला ते परवडायचं नाही. साडेपाचला गाडी पाटसच्या रस्त्याला. पाटसला सोलापूर रोड लागला की यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर, आणि हडपसरच्या गर्दीत शिरायच्या आत पोराने पॅड सोडून सगळं अंगावर चढवलेलं असायचं. जाताना मजा यायची, हे कबूल केलं पाहिजे. अंधारात गाडी चालतेय, मागे दोघी झोपलेल्या, शेजारी पोरगं बसून शाळेतल्या गमती सांगतंय. एरवी घरात 'हं' आणि 'नाही' यापलीकडे बोलायचं नाही ते.

परतीची गोष्ट वेगळी. पोरगं सहाव्या नंबरला फलंदाजीला जायचं. कधी चाळीस धावा केल्या, एकदा सत्तरही केल्या. पण बऱ्याच रविवारी, शंभर किलोमीटर जाऊन, चार तास पॅड बांधून बसून, तीन-चार चेंडू खेळून आऊट. मग हडपसरला गाडी वळली की माझं प्रवचन सुरू व्हायचं. पुढचा पाय का नाही टाकला? तो चेंडू सोडायचा होता. अरे, आपण किती लांबून येतो, काही वाटतं का? मी स्वतः आयुष्यात कधी लेदरच्या चेंडूला बॅट लावलेली नाही. पण हडपसर ते पाटस माझं तोंड बंद व्हायचं नाही. पाटस ते बारामती मात्र गाडीत कुणीच बोलायचं नाही.

हे आज हसत सांगतोय. त्या वेळी हसत नव्हतो.

दुसरी गोष्ट आबांची. माझे वडील निमगाव केतकीला असायचे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते गाव पाहिलंय. बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं, पानमळ्यांचं गाव. इथून पुणं पश्चिमेला आणि निमगाव पूर्वेला. आमच्या घरी रविवार पूर्वीपासून निमगावचा होता. सकाळी जायचं, आईच्या हातचं जेवायचं, आबांबरोबर मळ्यात फिरायचं, संध्याकाळी भाजी घेऊन परत यायचं. २०१२ नंतर रविवारची गाडी उलट्या दिशेला वळली ती वळलीच.

आबा एकेकाळी जत्रेत कुस्त्या करायचे. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून पुढे फेट्याच्या कुस्तीपर्यंत गेलेले. इंदापूर, अकलूज, माळशिरस, जिथं जत्रा असेल तिथं तालमीतली पोरं बैलगाडीने, नाहीतर चालत जायची. म्हणजे खेळासाठी गावोगाव फिरणं ही काही आपल्या पिढीची नवलाई नाही. एकदा मी त्यांना फोनवर सांगितलं, "आबा, या रविवारीपण जमत नाही, मॅच आहे." ते जरा थांबले आणि म्हणाले, "आरं, आमच्या येळंला पोरगं कुस्तीला जायचं. घर जात नव्हतं."

मला तेव्हा राग आला. वाटलं, यांना काय कळतंय आत्ताचं. पण या विषयावर मी आजपर्यंत जे वाचलं, ऐकलं, त्यात याच्याइतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

त्यांची एकच हौस होती. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडीकडे निघाली की बेलवडीला पहिलं गोल रिंगण होतं. दोन्ही नातवंडांना खांद्याशी धरून ते रिंगण दाखवायचं, एवढंच. एका वर्षी ठरलं होतं. त्याच दिवशी निवड चाचणी निघाली. चाचणीत पोराची निवड झाली नाही, आणि रिंगणही राहिलं. "पुढच्या वर्षी" म्हणालो. २०१६ च्या पावसाळ्यात आबा गेले. मी नंतर मोजलं. शेवटच्या दोन वर्षांत मी नऊ वेळा निमगावला गेलो होतो. वहीत हा आकडा नव्हता. वहीत पेट्रोल होतं.

तिसरी गोष्ट धाकटीची, आणि ही सांगताना मला जास्त लाज वाटते. ती थोरल्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तिचे रविवार पुण्यातल्या मैदानाच्या कडेला, मांडीवर गृहपाठाची वही ठेवून गेले. तीसुद्धा खेळायची. शाळेत खो-खो. शाळेच्या स्पर्धांची उतरंड आपल्याला माहीत आहे : तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. ती तालुक्याला जिंकून जिल्ह्याला गेली. शाळेच्या बाई मुलींना एसटीने घेऊन गेल्या. तिचा सामना रविवारी होता, आणि रविवारी आम्ही कुठं होतो ते सांगायला नको. मुलासाठी गाडी आणि मुलीसाठी एसटी. घरात असा ठराव कधी मांडला गेला नव्हता, पण अंमलबजावणी चोख होती. तिचा चार वर्षांचा खर्च वहीत सापडला तो एवढाच : कॅनव्हासचे बूट, तीन जोड.

पुढे मोठी झाल्यावर मी तिला एकदा विचारलं, "आम्ही तुझ्या मॅचला आलो नाही, तुला वाईट वाटलं असेल ना?" ती म्हणाली, "वाईट वाटलं. पण एक बरं झालं बाबा, तुम्ही नव्हता म्हणून मला टेन्शन नव्हतं."

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्हीकडचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. धाकटी प्रत्येक डावाला आम्हाला समजावून सांगत होती, की आता ही पोल का घेतली, इथं डाईव्ह का मारली. मी तिच्याकडे बघत होतो. एवढं सगळं तिला माहीत आहे, हे मला पहिल्यांदा कळत होतं.

आता थोरल्याचं काय झालं? २०१८ मध्ये एका रविवारी परत येताना यवतच्या जवळ तो म्हणाला, "बाबा, मला आता नको." मी गाडी बाजूला घेतली. म्हणलं, अरे सहा वर्षं... तो म्हणाला, "मला मागच्या वर्षीच नको होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून एक वर्ष जास्त खेळलो."

मी आठ दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही. मग हिने मला बाजूला घेऊन विचारलं, "दुःख कशाचं झालंय? त्याचं सुटलं याचं, की तुमचं सुटलं याचं?" त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. पण सगळ्यांना ऐकू आलं असेल.

आता जमेची बाजू. ती नाही वाचली तर ताळेबंद खोटा ठरेल. पोरगं हरायला शिकलं. शून्यावर आऊट होऊन, उरलेले चार तास दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवायला शिकलं. मोठ्या शहरातल्या पोरांना पाहून दबकायचं नाही, हे शिकलं. स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागलं. आज ते चाकणला नोकरी करतं आणि शनिवारी कंपनीतल्या मित्रांबरोबर टेनिस बॉल खेळतं. म्हणतं, आता खरी मजा येते. आणि त्या पहाटेच्या गप्पा. त्या मला दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळाल्या असत्या असं वाटत नाही. म्हणून कुणी मला "सगळं वाया गेलं का?" विचारलं, तर मी नाही म्हणेन. वाया गेलं नाही. पण जे दिलं ते कुणाचं होतं, हे न विचारता दिलं.

यावर एक प्रश्न हमखास येतो. तिघांपैकी एकाने विचारलाच : "काका, सगळ्या आईबापांनी असाच हिशेब केला असता तर सचिन कुठून झाला असता? स्वप्नील कुसाळे कुठून झाला असता?"

प्रश्न बरोबर आहे. म्हणून मी जरा त्यांच्याच गोष्टी नीट पाहिल्या. सचिन वांद्र्याला राहायचा. शाळा आणि सराव दादरला. जाण्या-येण्यात पोरगं दमतंय म्हटल्यावर घरच्यांनी काय केलं? त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला ठेवलं. म्हणजे त्यांनी प्रवास वाढवला नाही, कमी केला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. वडील शिक्षक. त्यांनी कर्ज काढलं, हे खरं आहे. पण पोरगं घडलं ते राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत राहून. दर आठवड्याला सगळं घर गाडीत बसून गेलं म्हणून नाही.

खाशाबा जाधवांचं तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. तिथं ओझं एका घरावर नव्हतं, गावाने, शाळेने, मास्तरांनी वाटून घेतलं होतं.

आणि अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. लहानपणी शाळेला पायी जायचा. स्टीपलचेसचं नाव त्याने सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर मनावर घेतलं. २०२२ ला राष्ट्रकुलमध्ये रौप्य, २०२३ ला एशियाडमध्ये सुवर्ण. अकराव्या वर्षी गाडी पुण्याला वळवली नाही म्हणून सगळं संपलं, असं नसतं.

जरा लांबचंही सांगतो. नॉर्वे नावाचा देश आहे, लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा बरीच कमी. तिथं मुलांच्या खेळाचे नियम लिहून ठेवलेत. अकराव्या वर्षाच्या आत गुणतक्ते नाहीत, क्रमवारी नाही. तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. मुलाने घराजवळ, मित्रांबरोबर खेळायचं. असा हा 'ढिला' देश २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदकं घेऊन जगात पहिला आला. आता आपल्याकडे काही बर्फ पडत नाही, आणि त्यांच्याकडचा पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण लहानपणी पळवलं नाही तर पोर मागे पडतं, ही आपली भीती तरी त्याने कमी व्हावी.

अमेरिकेत तर आपल्यासारखीच पळापळ फार आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली आईबापांना काही गोष्टी सांगितल्या : एकाच खेळात मुलाला अडकवणं शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पुढे ढकला, आठवड्यातून एखाद-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, आणि वर्षातले सगळे मिळून तीन महिने तरी त्या खेळापासून मोकळे ठेवा. तोच सांधा, तोच स्नायू बारा महिने वापरला की वाढत्या अंगाला दुखापत होते, आणि मनही विटतं. माझ्या पोराचा खांदा चौदाव्या वर्षी दुखायला लागला, तेव्हा मी त्याला मलम चोळून पुण्याला नेलं होतं.

तेव्हा जिन्यातल्या त्या तिघांना माझं उत्तर असं. जा. पण चार गोष्टी ठरवून जा.

पहिली, वर्षातून एकदा पोराला विचारा, की पुढच्या वर्षी खेळायचंय का. गाडीत विचारू नका, सामना हरल्यावर विचारू नका. आणि "नको" म्हणायची त्याला सोय ठेवा. माझ्या पोराला ती नव्हती.

दुसरी, रविवार हा सगळ्या घराच्या मालकीचा असतो. तो एकाच्या नावावर करायचा असेल तर बाकीच्यांची संमती घ्या. सोसायटीत एका सभासदाला पार्किंग द्यायचं तर आपण सभा बोलावतो. घरात सहा वर्षांचे रविवार देताना मी कुणाला विचारलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आबांना नाही. महिन्यातले दोन रविवार द्या. उरलेल्या दोनमधला एक दुसऱ्या लेकराचा आणि एक म्हाताऱ्यांचा. एवढ्याने एखाद्याचं पदक हुकत असेल, तर त्याला दोष रविवारचा नसेल.

तिसरी, प्रमाणपत्राच्या मागे डोळे झाकून पळू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, हे सगळं खरं. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धा लागते. पैसे भरून कुठंतरी 'राष्ट्रीय' म्हणून भरवलेल्या स्पर्धेला जायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. आणि शाळेच्या स्पर्धांना कमी लेखू नका. एसटीने पोरं घेऊन जाणारे आपले क्रीडाशिक्षक, स्वतःच्या खिशातून केळी घेऊन देणारे, तेच या तालुक्यांचे खरे प्रशिक्षक आहेत.

चौथी, परतीच्या रस्त्यावर गप्प बसा. निदान पाटसपर्यंत.

आता शेवटचं, आणि याच्यासाठी मी खरं तर माईक मागितला होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या बारामतीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर रणजीचा सामना झाला. महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड. मी आणि थोरला चालत गेलो बघायला. घरापासून पाऊण तास. ज्या क्रिकेटसाठी आम्ही अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर फिरलो, ते आमच्या गावात आलं होतं. पोरगं नेट्सकडे बघत सहज म्हणालं, "बाबा, लहानपणी आपल्या सोसायटीच्या मागच्या जागेत खेळायचो ना, त्याच्याइतकी मजा मला नंतर कधीच आली नाही. पण ते बंद झालं."

ते का बंद झालं, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. २०१३ च्या वार्षिक सभेत तक्रार आली. काच फुटली, दुपारची झोप मोडते, गाड्यांवर डाग पडतात. ठराव झाला. आणि मागच्या भिंतीवर पत्र्याची पाटी लागली : 'येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे.' त्या पाटीच्या साडेआठशे रुपयांच्या व्हाऊचरवर खजिनदार म्हणून सही माझी आहे. शनिवारी मी सही केली आणि रविवारी पोराला खेळायला शंभर किलोमीटर घेऊन गेलो. यात काही विसंगत आहे, हे मला सात वर्षं सुचलं नाही.

ती पाटी अजून आहे. गंज चढलाय, पण अक्षरं दिसतात. आज तिच्याखाली सहा गाड्या उभ्या असतात, त्यातल्या दोन महिनोन्‌महिने हलत नाहीत. आपल्या सोसायटीत आज आठ ते सोळा वयाची एकवीस पोरं आहेत. मी मोजली, सवय आहे. त्यातली तीन पुण्याला जातील. बाकीची अठरा संध्याकाळी जिन्यात बसून मोबाईलवर खेळतात, आणि आपण त्यांनाच बोलतो, की ही पोरं मैदानावर जात नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी. रोज संध्याकाळी पाच ते सात मागची जागा मोकळी ठेवायची. गाड्या पुढे लावायच्या. जाळी बांधायची. तिचा खर्च सोळा-सतरा हजारांच्या आसपास येईल. फुटलेल्या काचेसाठी वर्षाला थोडी तरतूद ठेवायची. पहिल्या पाच काचा माझ्याकडून. नुसतं क्रिकेट नको. एका बाजूला खो-खोचे दोन खांब रोवायचे. धाकटी म्हणाली आहे, की रविवारी सकाळी ती लहान मुलींना शिकवेल. ज्यांना पुढे जायचंय ते पुण्याला जाऊ देत, त्यांना आपण सगळे स्टेशनवर, स्टँडवर सोडायला जाऊ. पण पुण्याला जाण्याआधी पोराला आपल्या दारात घाम गाळायला जागा पाहिजे. तिथं कळतं, की पोराला खेळ आवडतो की आपल्याला.

सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून मघाशीच तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात वर केलाय. २०१३ ला झोपमोडीची तक्रार त्यांचीच होती, हे त्यांनीच मला सांगायला सांगितलंय. त्या म्हणतात, आता दुपारी झोपही येत नाही आणि खालून आवाजही येत नाही.

पाटी काढायला शिडी लागेल. ती आपल्या गोडाऊनमध्ये आहे, चावी माझ्याकडे आहे. उद्या रविवार आहे. सकाळी नऊला मी मागच्या भिंतीपाशी असेन. थोरला चाकणहून येतोय. दुपारी आम्ही सगळे आईकडे निमगावला जाणार आहोत, त्यामुळे अकराच्या आत काम उरकायला हवं. ज्यांना जमेल त्यांनी या.